वजन बरोबर होतं

माझ्या धंद्याची पहिली योजना मी दोनशे पानी वहीत लिहिली होती, आणि ती इतकी देखणी होती की आजही वाचताना माझा मलाच हेवा वाटतो. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या अलीकडे, आमच्या सासरच्या जागेत पत्र्याची शेड. शेडमध्ये मोटरवर फिरणारा लाकडी घाणा. घाण्यात शेंगदाणे. तेल काचेच्या बाटल्यांत, बाटलीला हिरवं लेबल, आणि बाटल्या वाशिंदच्या नव्या बिल्डिंगांमधल्या स्वयंपाकघरांत. पानाच्या कडेला मी वेलबुट्टीसुद्धा काढली होती.

त्याआधी सोळा वर्षं मी वाशिंदच्याच एका कारखान्यात पॅकिंगला होते. माझं काम वजनाचं. पिशवी काट्यावर ठेवायची, आकडा बघायचा, पुढे सरकवायची. सोळा वर्षांत माझा आकडा चुकला नाही आणि हे मी ओळख ना पाळख अशा माणसालाही ऐकवायचे. मग कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. यंत्रं ट्रकात बसून गेली, आम्ही इथेच राहिलो. हाती आलेले सगळे पैसे मी घाण्यात घातले. नवऱ्याने एकदाच विचारलं, "नीट विचार केलास ना गो?" मी त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने वेलबुट्टी बघितली आणि आसनगावची लोकल पकडायला निघून गेला.

पहिल्याच दिवशी घाण्याने मला रडवलं. बारा किलो दाणे घातले, लाट, म्हणजे घाण्याच्या उखळातलं लाकडी मुसळ, तासभर करकरत फिरली आणि तेल आलं वाटीभर. घाणा विकणाऱ्याला मी फोनवर नाही नाही ते बोलले. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, लाकूड नवीन आहे. आधी ते पिणार, मग तुम्हाला देणार." मला वाटलं, चोर तो चोर आणि वर मलाच शिकवतोय. तिसऱ्या दिवशी खरोखरच तेलाची धार लागली. माफी मी मागितली नाही, पण पुढचा फोन गोड आवाजात केला.

बिल्डिंगांनी मात्र मला गोड काही ऐकवलं नाही. एकीच्या बाटलीत खाली गाळ दिसला. दुसरीच्या कढईत फेस आला. तिसरी म्हणाली, "याला शेंगदाण्याचा वास येतो." मी म्हटलं, "मग काय मोगऱ्याचा यायला हवा होता?" ती पुन्हा आली नाही आणि तिच्या मजल्यावरचं कुणीच आलं नाही. नवरा म्हणाला, "तू तेल काढ, तोंड नको चालवू." दिवाळी उलटली तरी शेडच्या भिंतीला लागून हिरव्या लेबलांच्या बाटल्या रांगेने उभ्याच होत्या.

आणि त्याच दिवसांत, माझ्या शेडच्या पाठीमागे, डोंगरउतार पिवळेधमक झाले होते. खुरासणी फुलली होती. लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी मी ते बघत होते, फोनमध्ये फोटोही काढत होते. त्या पिवळ्या फुलांच्या पोटात काळं, बारीक, तेलाने भरलेलं बी तयार होतंय आणि आपण बाहेरगावचे शेंगदाणे पोत्याने मागवतोय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. कुणी मला ठार वेडी म्हटलं असतं तर मी भांडले असते, पण ते खरंच होतं.

मार्गशीर्षात एके सकाळी दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. साठीची असेल, काटक, डोक्यावर फडक्यात बांधलेलं गाठोडं. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरून बाजाराला निघाली होती. आत न येता ती नुसती ऐकत उभी होती. मी विचारलं, "काय पाहिजे मावशी?"

"काय नाय गो. लाट वाजते त्या ऐकत होती. आमच्याकडं बैलाचा घाणा होता, त्याचा आवाज असाच." मग गाठोडं खाली ठेवून म्हणाली, "खुरासणी गाळून देशील?"

मुरबाडला यंत्रावर तेल काढून मिळतं, हे मला माहीत होतं. तिने सांगितलं की ते यंत्र तापतं, तेल करपतं आणि सगळ्यांचा माल एकाच तोंडात जातो. म्हणून ती आवाजावरून माझ्याकडे आली होती.

मी वहीचं नवं पान काढलं. "खुरासणी गाळून देणे" असं मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. धंदेवाल्या माणसाला योजना बदलता आली पाहिजे, असं मी शहापूरच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं. बदलली की नाही लगेच, म्हणून मी स्वतःवरच खूश झाले.

अडचण एकच होती. माझ्या घाण्याला बारा किलोच्या खाली बी चालत नव्हतं. कमी घातलं तर लाट नुसती लाकडावर लाकूड घासायची. मावशीचं बी होतं तीन किलो आणि वर थोडं. त्याच बाजारच्या दिवशी आणखी तिघी आल्या, त्यांचंही तीन-साडेतीन किलोच. मला वाटलं, यात काय अवघड आहे? चौघींचं बी काट्यावर मोजलं, आकडे लिहिले, सगळं एकत्र घाण्यात घातलं, आणि जे तेल आलं ते ज्याच्या त्याच्या वजनाच्या हिशोबाने थेंबाथेंबाने वाटून बाटल्या भरल्या. संध्याकाळी बाजारातून परतताना चौघी आपापली बाटली घेऊन गेल्या. इतकी चोख वाटणी तालुक्यात कुणी केली नसेल, असं मी नवऱ्याला जेवताना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बाटली घेऊन दारात हजर.

"हा तेल माझा नाय गो बाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि माझं डोकं फिरलं. मी वही आणली, तिच्यापुढे धरली, काट्यावर बाटली ठेवली, आकडा दाखवला. सोळा वर्षं माझा आकडा चुकला नाही, हेही ऐकवलं.

तिने आकड्याकडे बघितलं, मान हलवली. "वजन बरोबर हाय. तेल माझा नाय."

"मावशी, सगळं खुरासणीचंच तेल आहे. तुमचंही त्यात आहेच."

"हाय ना. माझाबी हाय." तिने बाटलीचं बूच काढलं, तळहातावर एक थेंब घेतला, दुसऱ्या तळव्याने चोळून गरम केला आणि ओंजळ नाकाशी नेली. डोळे मिटले. शेडमध्ये मोटर बंद होती, त्यामुळे तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मग ती भाजी निवडावी तशी एकेक गोष्ट बाजूला काढत गेली. "एकीचा बी चुलीवरच्या माळ्यावर होता. धूर हाय. एकीनं सुकटीजवळ ठेवलाय. न् एकीचा औंदाचा नाय, त्यात गेल सालचा घातलाय. बाकी राहिला तो माझा."

खरं सांगायचं तर मला ते खोटं ठरवायचं होतं. त्या तिघी कुठल्या, हे मला माहीत होतं. त्याच दिवशी शेडला कुलूप लावून मी निघाले. पहिलीच्या घरी चुलीवर माळा होता आणि माळ्यावर खुरासणीचं रिकामं टोपलं, काजळीने काळं झालेलं. दुसरीने आधी कानावर हात ठेवले, मग तिच्या सुनेनेच खुंटीला टांगलेली सुकटीची पिशवी दाखवली. बी तिच्याच खाली ठेवलं होतं. तिसरी हसायला लागली. "तुला कोनी सांगितला गो? मूठभरच होता गेल सालचा."

परत येताना मी रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसले. पाय दुखत होते म्हणून नाही. आपण ज्याला जगातली सगळ्यात पक्की गोष्ट समजत होतो त्या काट्याला यातलं काहीएक कळलं नव्हतं, आणि ते एका बाईने एका थेंबात सांगितलं होतं. मला भीती वाटली, आनंदही वाटला, आणि हात आपोआप जोडले गेले. रस्त्याने जाणाऱ्या रिक्षावाल्याला वाटलं मी त्याला थांबवतेय, तो थांबला.

मावशीला ते तेल का नको होतं, हे मला तिच्या घरी गेल्यावर कळलं. तिची मुलगी अंगणात बसली होती, पोट पुढे आलेलं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते, आणि आता सातवा लागला होता. मावशी म्हणाली, "माझ्या आयेनं मला लग्नात ओटीत बी दिला, उंबरमाळीकडचा. त्याच बियाचा आमी पेरतो. बाळाच्या टाळूला पयला तेल त्याचा. हिच्या टाळूलाबी तोच घातला." या साली पाऊस लांबला, पीक झोडपलं गेलं, आणि जे काही हाती आलं ते तिने माझ्याकडे आणून दिलं होतं. आता उरलं होतं पेरणीचं बी. घरात आढ्याला भोपळ्याचा वाळका तुंबा टांगलेला होता, ते बी त्यात. दोन किलोही नसेल.

"मी दुसरं विकत आणून देते," मी म्हटलं. माझाच आवाज मला पोकळ वाटला. बाटली तिने माझ्याच शेडमध्ये ठेवली होती, आणि घेऊन जा म्हटलं तरी नेली नाही.

पुढच्या बाजाराला गाठोडी घेतलेल्या बायका माझ्या शेडवरून मुरबाडच्या एसटीकडे गेल्या. एकही थांबली नाही. मावशीने कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. घरोघर जाऊन माळे आणि पिशव्या तपासून मीच बोभाटा केला होता. वहीतलं दुसरं पानही गेलं. शेडमध्ये हिरव्या लेबलांच्या रांगेशेजारी ती एक बिनलेबलाची बाटली उभी होती, आणि येता-जाता मी तिच्याकडे बघायचं टाळत होते.

टाळून किती दिवस टाळणार? आमच्या घरामागे वादळात पडलेल्या चिंचेचा बुंधा होता. मुरबाडच्या बाजूला एका गावात एक म्हातारे सुतार आहेत, त्यांनी तरुणपणी बैलाचे घाणे घडवले होते. मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, "बाबा, दोन किलो बी गाळेल असा घाणा करून द्या." ते म्हणाले, "खेळण्यातला?" मी म्हटलं, "खेळण्यातला समजा, पण तेल खरं आलं पाहिजे." त्यांनी महिनाभर घेतला. उखळ माझ्या कमरेइतकं, लाट मनगटापेक्षा थोडी जाड, आणि फिरवायला लांब दांडा. मोटर नंतर लावू, आधी हाताने फिरव, लाकडाला सवय होऊ दे, असं ते म्हणाले.

घाणा बसला त्याच दिवशी मी मावशीला निरोप धाडला. ती तुंबा कडेवर घेऊन आली, मूल घ्यावं तसा. तिने पेरणीचं बी खरंच खाली उतरवलं होतं. तुंबा दाराशी ठेवून ती उखळाशी गेली, आतून हात फिरवला, हात बघितला.

"कोरडा हाय. पिऊन टाकल सगळा."

बारा किलो दाण्यांचं तेल वाटीभर करणारं नवं लाकूड मी स्वतः बघितलं होतं, त्यावरून एका माणसाशी भांडले होते, आणि तरीही विसरले होते. तिने हात फिरवला नसता तर तिच्या आईचं बी त्या चिंचेने गिळलं असतं आणि मी नुसती बघत राहिले असते. मी धावत हिरव्या लेबलाच्या बाटल्या आणल्या. "हे पाजते मावशी. सगळं पाजते."

"नको गो. मग बाळ शेंगदाण्याचा वास देल." ती पहिल्यांदाच मोठ्याने हसली. मग फळीवरची बिनलेबलाची बाटली उतरवून माझ्या हातात दिली. "हा पाज. आठ दिस रोज पाज."

"पण यात तर चौघींचं आहे."

"लाकडाच्या पोटात गेला त्यो लाकडाचा."

तुंबा पुन्हा कडेवर घेऊन ती चढण चढून गेली. मुलीला नववा लागला होता.

आठ दिवस मी रोज सकाळी त्या उखळाला तेल पाजलं. फडक्याने आतून चोळायचं, पेंड कुटून लेपायची, उन्हात ठेवायचं. पहिले चार दिवस सकाळी बघावं तर लाकूड ठणठणीत कोरडं. घरातल्या कुणाला मी इतक्या मायेने जेवू घातलं नसेल, असं नवरा म्हणाला, आणि मला राग आला नाही. सहाव्या दिवशी चिंचेचा रंग गडद झाला. आठव्या दिवशी बाटली संपली होती आणि उखळातून काढलेली बोटं चमकत होती.

नवव्या दिवशी मावशी आली. तुंब्यातल्या बियांच्या तिने आधी पाच मुठी पदरात बांधून घेतल्या, पेरणीच्या. उरलेलं बी उखळात ओतलं. मी कोमट पाण्याचा हबका दिला. आणि बैलांच्या जागी आम्ही दोघी दांड्याला लागलो, ती पुढे, मी मागे, गोल गोल. बराच वेळ नुसता काळा लगदा. लाट करकरत होती. माझ्या मनात येत होतं, लाकूड अजून तहानलेलं असलं तर? मी ते बोलून दाखवलं नाही. ती चालताना खालीही बघत नव्हती, कान देऊन चालत होती. एका फेरीला म्हणाली, "आला." मला काहीच दिसलं नाही. पुढच्या दोन फेऱ्यांत लगद्यावर चकाकी आली, मग कडेने पिवळी रेघ, आणि खालच्या भोकातून थेंब, थेंब, आणि दोऱ्याएवढी धार.

तिने पहिला थेंब तळव्यावर घेतला. चोळला. ओंजळ नाकाशी नेली. माझा जीव तिच्या त्या दोन तळव्यांत होता. शेड, घाणा, वही, सगळं मी त्या क्षणी विसरले होते; मला फक्त तिचा चेहरा दिसत होता. मग ओंजळ उघडली, तो हात माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाली, "ही माझी आय."

मला वास आला तो तेलाचा. थोडा कडवट, थोडा गवतासारखा. तिला जे आलं ते मला येत नव्हतं. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून मीही रडले.

मावशीने वाडीत सांगितलं आणि बायका पुन्हा माझ्या दाराशी थांबू लागल्या. आता माझ्याकडे चिंचेचे तीन लहान घाणे आहेत, मोटरवर चालणारे. ज्याचं बी त्याच्यासमोर, दोन किलोच असलं तरी वेगळं. बायका उखळाशेजारी बसून राहतात, गप्पा मारतात आणि पेंडीचा खडा मोडून खातात. मोठा घाणाही चालतो, वाशिंदची काही घरं आता गाळासकट तेल नेतात. वहीची पानं मी बदलत असते, वेलबुट्टी मात्र काढत नाही. आणि प्रत्येकीचं तेल निघालं की बाटलीला बूच लावण्याआधी एक थेंब मागून घेते, तळव्यावर चोळते, हुंगते. बायका हसतात. सुरुवातीला मला सगळ्यांचा वास सारखाच यायचा. नंतर धूर ओळखू यायला लागला. मग जुनं बी.

त्या उन्हाळ्यात मी वाडीवर गेले तेव्हा मावशीच्या मुलीची मुलगी तीन महिन्यांची झाली होती. मावशीने ती माझ्या मांडीवर दिली आणि चहा टाकायला आत गेली. पोर झोपेत होती. टाळू चमकत होती, खालची नाडी हलकेच उडत होती. मी वाकले. आधी दुधाचा वास आला, मग गोधडीचा. मग त्यांच्या खालून तो आला, थोडा कडवट, थोडा गवतासारखा, आणि त्याच्याही मागे आणखी काहीतरी, जे मी त्या दिवशी तिच्या तळव्यावर हुंगलं होतं आणि मला कळलं नव्हतं. त्यानंतर शेकडो थेंब हुंगले होते, त्यातल्या एकातही ते नव्हतं.

मावशी चहा घेऊन बाहेर आली. मी अजून वाकलेलीच होते.

"काय गो?"

"मावशी," मी म्हटलं, "तुमची आई आली."